पहिला ठिपका

शिकलेल्या माणसांविषयी मला फारसा आदर कधीच नव्हता. आमच्या घराण्यात दोन एम. ए. होऊन गेले, आणि दोघांनाही बाजारातून धड भेंडी आणता आली नाही. त्यामुळे मद्रासहून समाजशास्त्राची कुणी बाई आली आहे, दंगलीवर संशोधन करायला दारोदार फिरते आहे, असं कानावर आलं तेव्हा मी सरळ दार लोटून घेतलं. दुकान जळालं आमचं, आणि त्यावर पुस्तक लिहून मोठी होणार ती. आयत्या बिळात नागोबा, दुसरं काय?

आम्ही कुंभकोणमचे रायर. म्हणजे घरात मराठी बोलणारे माध्व. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. आमची मराठी अशी, की पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं होतं, "तुम्ही बखर वाचून दाखवताय का?" उंबऱ्याबाहेर पाय पडला की आमच्या तोंडात आपोआप तमिळ येतं. पेठेतले लोक आम्हाला रायर म्हणायचे आणि आम्ही घरात नेमकं काय बोलतो, याची कुणाला कधी चौकशी करावीशी वाटली नाही.

आमच्या ह्यांचं नाव वादिराज. आयुष्यभर नाव घेतलं नाही. आता या वयात घेतलं तर कोण मला हसणार आहे? वादिराजांचं कॉफीचं दुकान. खाली बी भाजायचं, दळायचं, विकायचं, आणि वर आम्ही राहायचं. बी चिक्कमगळूरहून यायचं आणि पोत्यांवर ठसठशीत कानडी अक्षरं छापलेली असायची. वर्षानुवर्षं ती पोती दुकानाच्या तोंडाशी रचलेली असत आणि गिऱ्हाइकं त्यांच्यावर बसून गप्पा मारत.

एक्याण्णव साली मार्गळी महिना, म्हणजे धनुर्मास, लागला होता, तेव्हा कावेरीच्या पाण्यावरून पेटलं. बंगळुरात तमिळ माणसांना मारलं, त्यांच्या झोपड्या जाळल्या. जीव घेऊन पळालेली कुटुंबं इकडच्या स्टेशनांवर उतरू लागली. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. मग इकडच्या पोरांची डोकी फिरली, आणि आपल्याकडे कानडी कोण सापडतं याचा शोध सुरू झाला. वादिराज मुळातच सावध माणूस. ताकसुद्धा फुंकून पिणारे. त्यांनी संध्याकाळी सगळी पोती उलटी करून अक्षरं आत घेतली आणि एका फळीवर तांबड्या रंगाने तमिळमध्ये लिहिलं, "हे कन्नडिगांचं दुकान नाही." पहाटे दुकान उघडायच्या आधी ती फळी दारावर टांगली.

त्याच दिवशी दुपारी एक टेम्पो भरून पोरं आली. चेहरे ओळखीचे नव्हते. त्यांनी भाजणीचं यंत्र फोडलं, पोती फाडली आणि दुकान पेटवून दिलं. वर आम्ही दोघं आणि आमची लेक तुळसी. धूर जिन्यातून वर येत होता. पोरं निघून गेल्यावर शेजाऱ्यांनीच मागच्या विहिरीचं पाणी ओतून आग विझवली म्हणून मी आज हे सांगते आहे. जळलेल्या कॉफीचा वास पेठेत कितीतरी दिवस राहिला. मला वर्षभर कॉफीचा घोट गिळवला नाही.

आग लागायच्या जरा आधी वादिराजांनी वरच्या खिडकीतून एक गोष्ट पाहिली. समोर गुरुमूर्ति शिंप्याचं दुकान. माझी सगळी झंपरं त्याच्या हातची. तो पोरांच्या घोळक्यात उभा होता आणि त्याचा हात आमच्या दाराकडे लांब केलेला होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा वादिराजांनी तेच सांगितलं, की दुकान यानेच दाखवलं. गुरुमूर्तीला धरून नेलं. "मी काही केलं नाही," एवढंच तो म्हणत राहिला. काही महिन्यांनी जामिनावर सुटून आला, पण गिऱ्हाइकं तुटली. आम्ही दुकान पुन्हा उभं केलं, तोही मशीनवर बसू लागला. मधे एवढासा रस्ता, आणि दोन वर्षं कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही. त्याच्या बायकोने एकदा कढीपत्ता पाठवला तो मी तसाच परत धाडला. मला त्याचा इतका राग होता की त्याच्या मशीनची टकटक ऐकली तरी माझं डोकं दुखायचं.

अशात खटला उभा राहायची तारीख लागली आणि त्याच सुमाराला ही बाई आली. नाव त्रिपुरसुंदरी. मी दार लोटलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे, मी सडा घालत होते तेव्हा, येऊन उभी राहिली. पुन्हा मार्गळीच होती. साडीचा ओचा सावरून माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "मामी, त्या दिवशी कोणती कोलम घातली होती?"

कोलम म्हणजे आमची दारातली ठिपक्यांची रांगोळी. मार्गळीत पहाटे अख्ख्या पेठेतल्या बायका रस्त्यावर असतात, जिची तिची कोलम आणि मधे शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं फूल. पोलिसांनी मला चार चार वेळा विचारलं होतं, वकिलाने विचारलं होतं, आणि त्या पहाटेचं मला काही म्हणता काही आठवत नव्हतं. पण कोलम आठवली. आठ पाकळ्यांचं कमळ, आणि एक पाकळी चुकली होती. ती चुकली म्हणून शेजारची कामाक्षी हसली होती. हसता हसता तिने वर दाराकडे पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "ही पाटी कशाला?" सगळं भराभर डोळ्यांसमोर आलं. ही बाई प्रत्येक दारात आधी कोलम विचारत होती, मग शेजारी कोण उभं होतं ते, मग काय बोलणं झालं ते, आणि शेवटी ते बोलणं पुढे कुणाला सांगितलं ते. बायका दोन वर्षांपूर्वीची सकाळ जशीच्या तशी सांगत होत्या. शिकलेल्या माणसांपैकी ही निदान डोकं घेऊन जन्मली आहे, असं मला वाटलं.

हे सगळं ती संगणकात घालणार होती. मेलकावेरीत भाड्याच्या खोलीत तिने तो मांडला होता. वादिराजांनी ते ऐकलं आणि त्यांच्या अंगात उत्साह संचारला. आजवर संगणक आम्ही रेल्वेच्या तिकिटाला लागतो एवढंच ऐकून होतो.

"यंत्र कोणाची भीड धरीत नाहीं," ते मला म्हणाले. "गुरुमूर्तीचें नांव त्यांतून निघेल, पाहा तूं. मग कोर्टांत आपणास बोलायाचें कामच नाहीं."

त्रिपुरसुंदरीने त्यांना स्पष्ट सांगितलं की यंत्रात नावं नाहीत, फक्त दारं आहेत. आणि गुन्हेगार कोण हे यंत्राला कळत नाही. शब्द कुठून कुठे गेला, एवढंच ते दाखवतं. ज्यांनी माहिती दिली त्यांना बघायचा हक्क आहे, म्हणून ती दाखवायला तयार होती. वादिराजांनी यातलं "दाखवायला तयार" एवढंच ऐकलं.

आम्ही मेलकावेरीला गेलो. खिडकीवर धूळ येऊ नये म्हणून ओलं पातळ टांगलेलं, कोपऱ्यात स्टॅबिलायझर गुरगुरतोय, आणि टेबलावर ती पेटी. वादिराजांनी चपला बाहेर काढल्या आणि सरस्वतीपूजेला वह्यांना करतात तसा तिला नमस्कार केला. मला हसू आलं, पण पुढे जे पाहिलं त्यानंतर मीही केला असता.

पडदा काळा होता. त्यावर बारीक नारिंगी रेघांनी गाव काढलेलं. वरच्या अंगाला कावेरी, खाली अरसलार नदी, मधे महामखमचं तळं, देवळांचे चौकोन, आणि गल्ल्यागल्ल्यांतून दारांचे अंधुक ठिपके. माझा जन्म या गावात गेला, पण गाव असं वरून मी कधी पाहिलं नव्हतं. देवाला ते असंच दिसत असेल असा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला. आमची पेठ मी लगेच ओळखली. आमचं दार, समोर गुरुमूर्तीचं, शेजारी कामाक्षीचं.

"आता पहाट होते," असं म्हणून तिने एक कळ दाबली.

एक ठिपका उजळला. आमचा.

वादिराज पुढे झुकले. आमच्या ठिपक्यातून एक रेघ निघून कामाक्षीच्या दाराला लागली आणि ते उजळलं. तिथून पलीकडचं, मग कोपऱ्यावरचं. ठिपक्याला ठिपका जोडत रेघ पुढे जाऊ लागली. एक दूधवाल्याबरोबर गल्ली ओलांडून गेली, एक देवळाच्या पायरीशी पोचली आणि तिथे तिच्या चार झाल्या. एक तिरुनागेश्वरमच्या बसबरोबर गावाबाहेर पडली. सगळं गाव माझ्या डोळ्यांदेखत कोलमसारखं भरत गेलं. आणि हे आमच्याविषयी होतं. आम्ही आत तिघं जेवायला बसलो होतो, तेव्हा बाहेर हे चाललं होतं. मला इतकं थोर आणि इतकं भयंकर काही आयुष्यात कधी दिसलं नव्हतं.

त्रिपुरसुंदरी प्रत्येक टप्प्यावर लोक काय बोलले ते वाचून दाखवत होती. पहिल्या दारांत म्हणत होते, "पावम्, बिचारे रायर. पाटी लावली आहे, घाबरले असतील." कोपऱ्यावर म्हणत होते, "घाबरले आहेत म्हणजे कानडीच असणार. आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही." देवळात एक बाई म्हणाली होती, "रायर कानडी आहेत हो, त्यांना कुणीतरी सांभाळा." कुणाच्याही बोलण्यात वैर नव्हतं. जी ती हळहळत होती, आणि हळहळ पुढच्या दाराला देत होती. बसस्टँडवर पोचेपर्यंत एवढंच उरलं होतं: "कॉफीच्या दुकानात कानडी आहेत."

बसस्टँड उजळलं. गुरुमूर्तीचं दार अजून अंधारातच होतं. त्या सकाळी तो शिवलेली झंपरं पोचवायला दारासुरमला गेला होता, हे मला तेव्हा आठवलं. त्याचा ठिपका उजळला तो पार शेवटी. टेम्पोतल्या पोरांच्या कानावर कॉफीचं दुकान आधीच गेलं होतं.

"चुकलें अहे कांहींतरी," वादिराज मला मराठीत म्हणाले. मग तिला तमिळमध्ये म्हणाले की आमचा ठिपका काढून टाका, आम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं, आमच्यामुळे यंत्राचा गोंधळ होतोय.

तिने आमचा ठिपका काढला आणि पुन्हा कळ दाबली.

पडद्यावर काहीच झालं नाही. आम्ही वाट पाहिली. कावेरी होती, तळं होतं, ठिपके होते, आणि सगळे अंधुक. एकही उजळला नाही.

"वीज गेली का?" वादिराजांनी विचारलं.

वीज गेली नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारकी चौकट लुकलुकत होती. गाव तसंच काळं राहिलं, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे पाहत बसलो. मी देवळात पुष्कळ वेळा हात जोडले आहेत, पण त्या खोलीत जसं वाटलं तसं फार थोड्या वेळा वाटलं असेल.

त्रिपुरसुंदरीने मग पुष्कळ समजावलं. याचा अर्थ पाटी लावली नसती तर काहीच झालं नसतं असा होत नाही. दुसरीकडून कुठून बातमी उठली असती. आग लावणारे ते लावणारेच, त्यांचा गुन्हा यंत्र धुऊन काढत नाही. तिने विचारलेल्या माणसांपुरता शब्दाचा रस्ता तेवढा हा आहे. मी तिला विचारलं की कुठल्या दारात कोण राहतं, कोण काय बोलतं हे सगळं असं पेटीत भरून ठेवलं, आणि ती पेटी टेम्पोतल्या पोरांच्या हाती लागली तर? ती म्हणाली, "मामी, मलाही त्याचीच भीती वाटते. पुढे ही यंत्रं घरोघर येतील. तेव्हा शब्दाला दूधवाल्याची वाट पाहावी लागणार नाही." प्रबंध झाला की दारांच्या खुणा पुसून टाकायच्या, असं तिने ठरवलं होतं.

घरी आल्यावर वादिराज जेवले नाहीत. मग एकाएकी उसळून म्हणाले, "मग काय लिहायाचें होतें मीं? मराठे म्हणून लिहायाचें? कोणास कळलें असतें तें?"

"कांहींच लिहायाचें नव्हतें," मी म्हणाले. "जें कोणी पुसिलें नाहीं, तें सांगायास तुम्ही गेलांत."

बोलले आणि वाईट वाटलं. माणूस घाबरला होता, बायकोमुलीसाठी घाबरला होता. तो काय गुन्हा आहे का? पण पुढचा पेच खरा होता. चार दिवसांवर साक्ष आली होती. साक्ष तशीच दिली तर गुरुमूर्ति कित्येक वर्षांसाठी आत जाणार. फिरवली तर पोलीस म्हणणार, रायर खोटी फिर्याद देऊन बसले. आणि हात तर त्यांनी खरंच पाहिला होता. इकडे आड, तिकडे विहीर. तुळसी म्हणाली, अप्पांनी आजारी पडावं आणि कोर्टात जाऊच नये. वादिराज दिवसभर बी भाजत राहिले, आणि त्या दिवशीची भाजणी अर्धी करपली.

कोर्टात गुरुमूर्ति एका बाजूला उभा होता. सदरा त्याच्याच हातचा, पण आता अंगावर लोंबत होता. सरकारी वकिलाने विचारलं, "तुमचं दुकान जमावाला कुणी दाखवलं?"

वादिराज म्हणाले, "या माणसाचा हात मी पाहिला. तो हात काय करत होता, ते मला माहीत नाही. दुकान दाखवलं कुणी म्हणाल, तर त्या सकाळी पाटी मी लावली होती. त्याआधी आम्ही कोण, हे गावात कुणी विचारत नव्हतं."

वकील चिडला, त्याने पोलिसांपुढची जबानी वाचून दाखवली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत त्यांना पुन्हा विचारलं, शपथेची आठवण दिली. वादिराजांनी तेच पुन्हा सांगितलं, शब्दही न बदलता. ज्या माणसाने जन्मभर भांडण टाळण्यासाठी वजनापेक्षा मूठभर जास्त कॉफी घातली, तो हा. मला त्यांच्याकडे पाहताना नवल वाटत होतं, आणि अभिमान इतका की बाजूच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगावंसं वाटलं, ते आमचे. दुसरा साक्षीदार नव्हताच. पुढच्या तारखेला गुरुमूर्ति सुटला.

त्या संध्याकाळी तो रस्ता ओलांडून आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला. मला वाटलं, आता पाया पडेल, आभार मानेल, आणि आपण कसं वागावं याची मी मनात तयारीही केली. पण त्याचा चेहरा रागाने ताठ झाला होता.

"रायर," तो म्हणाला, "दोन वर्षं मी तुमच्यासमोर बसलो होतो. पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, त्या मद्रासच्या बाईंनी विचारलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

वादिराजांना शब्द फुटेना. माझ्या जिभेला तसा आजार नाही. मी म्हणाले, "मग आता विचारते. हात कशाला वर केला होतास?"

त्याचा राग उतरला आणि त्याजागी काहीतरी वेगळंच आलं.

"ते आधी माझ्याच दुकानात घुसले होते, मामी. हातात रॉकेलचा डबा. आत माझी बायको होती. त्यांनी विचारलं, कॉफीचं दुकान हेच का? मी म्हटलं, हे नाही. आणि हात तुमच्याकडे गेला."

माझ्या अंगाची लाही झाली. दोन वर्षांचा सगळा राग परत आला. कोर्टात जे खरं होतं ते आम्ही पुसून आलो होतो, आणि हा माणूस ते सुटल्यावर सांगत होता. मी तोंड उघडणार, तोच वादिराज बाकावरून एका बाजूला सरकले आणि त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला.

"बस, गुरुमूर्ति," ते म्हणाले. "हे नाही, असंच मीही म्हटलं होतं."